सुट्टीत परदेशी जाऊन वंचित मुलांसाठी काम : कुणी केलंय का?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मोठ्या सुट्टीचे सहा आठवडे हातात असतात आणि यंदा ते माळे आवरण्यात घालवायचे नाहीत असं ठरवलंय. लेक सतरा वर्षांची आहे. दोघींनी मिळून परदेशात कुठेतरी अनाथ किंवा गरीब मुलांसाठी काम करावं असं बरेच दिवस मनात आहे.

शोधायला बसले तर जाहिरातींचा पूर आला. दोन आठवडे कंबोडिया, तीन आठवडे नेपाळ, चार आठवडे टांझानिया. फॉर्म भरा, पैसे भरा, विमानतळावर घ्यायला येतो. अनुभवाची अट नाही, भाषेची नाही. शनिवार-रविवारी सहल.

प्रश्न असे : इथे कुणी प्रत्यक्ष गेलंय का? संस्था खरी की नुसती चकचकीत, हे कसं ओळखायचं? अठराच्या आतल्या मुलीला घेतात का? आणि पैसे भरून स्वयंसेवा हा प्रकार मला जरा चमत्कारिक वाटतोय, पण कदाचित पद्धतच तशी असेल.

सहज_आपलं

वाचते आहे. माझ्याही मनात कधीचं आहे हे. इथे जागा धरून ठेवते.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे काम आपण करायचं आणि पगारही आपणच द्यायचा. आमच्या साहेबांना हा धागा दाखवू नका म्हणजे झालं. (दिवे घ्या.)

घोंगडी

मी गेलो होतो. नऊ वर्षं झाली. कंबोडियात सिएम रीपजवळ, म्हणजे जिथे अंकोर वाट बघायला जगभरातून माणसं येतात तिथे, एका अनाथाश्रमात दोन आठवडे. नाव लिहीत नाही, आता ती जागा चालू आहे की नाही तेही माहीत नाही.

पहिल्या दिवशी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि पंधरा-वीस पोरं धावत आली. तीन मिनिटांत एकजण पाठीवर, दोघं हाताला लटकलेली. मला भरून आलं. वाटलं, काय लाघवी पोरं आहेत. माझ्या सख्ख्या भाच्याला माझ्या मांडीवर बसायला दोन वर्षं लागली होती, हे तेव्हा अजिबात आठवलं नाही.

मला इंग्रजी शिकवायला दिलं. मी उत्साहात शरीराचे अवयव काढले. साधारण दहा वर्षांची एक मुलगी पुढे बसायची. तिसऱ्या दिवशी तिची वही हातात घेतली. पहिल्या पानावर माणसाचं चित्र, नाक-कान-डोळे, बाणांनी नावं. चार पानांनंतर फळं. मग रंग. मग पुन्हा माणसाचं चित्र, पुन्हा नाक-कान-डोळे, पण नमुन्याचं अक्षर वेगळं. पुन्हा फळं. पुन्हा रंग. मग तिसरा माणूस. अख्खी वही अशी. दर दोन आठवड्यांनी कुणीतरी माझ्यासारखा यायचा आणि नाकापासून सुरू करायचा. त्या मुलीला सगळं येत होतं. मी ‘नोज’ म्हटल्यावर ती असा चेहरा करायची की जणू हा शब्द आत्ताच कळला. कारण त्यामुळे मी खूश व्हायचो.

निघायच्या दिवशी मुलांनी हाताने रंगवलेलं निरोपाचं कार्ड दिलं. मी रडलो, खोटं कशाला सांगू. मग आवराआवर करताना कपाटात तशा कार्डांचा गठ्ठा दिसला. ‘आम्ही तुला विसरणार नाही’ आणि त्याच्यावर नावाची जागा कोरी.

अजून एक. मधल्या रविवारी एक बाई फाटकाशी आली, एका मुलाशी बराच वेळ बोलत बसली, जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. कोण म्हणून विचारलं तर चालक म्हणाले, आत्या आहे. मुलगा मात्र तिला आई म्हणून हाक मारत होता. ख्मेर भाषेतले मला तोवर दहाच शब्द येत होते, पण त्यात आई हा होता.

सहज_आपलं

बाप रे. ते कोरी जागा सोडलेलं कार्ड...

निळीशाई

घोंगडी, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतेय, परवानगी द्या. मी बालसंगोपनाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

तुम्ही पाहिलेली ‘आत्या’ हा अपवाद नाही. कंबोडियात २००५ साली १५४ अनाथाश्रम होते, २०१० साली २६९ झाले. त्या पाच वर्षांत तिथे कुठलं युद्ध झालं नव्हतं की साथ आली नव्हती, पर्यटक मात्र वाढत होते. आणि युनिसेफच्या २०११ च्या अहवालानुसार तिथल्या जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांची आई किंवा वडील, निदान एकजण तरी, हयात होते. गरिबीपायी, शाळा आणि जेवण मिळेल म्हणून ठेवलेली मुलं. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ च्या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी ‘शहरात शिकवतो’ म्हणून आईबापांकडून पैसे घेऊन मुलं आणली आणि अनाथ म्हणून दाखवली. तिथले बहुतेक बालगृह काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या पट्ट्यातच का आहेत, याचं उत्तर शोधायला फार डोकं लागत नाही. अनाथ मुलं काय फक्त विमानतळाच्या आसपास जन्मतात?

तीन मिनिटांत पाठीवर चढणाऱ्या मुलांबद्दल. घरात वाढलेलं मूल अनोळखी माणसापासून आधी लपतं, आईच्या पदराआडून बघतं, मग हळूहळू जवळ येतं. दिसेल त्याला बिलगणं हे संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये फार आढळतं आणि आमच्याकडे ती काळजीची खूण मानतात. भरवशाचं एक माणूस नसलं की मूल सगळ्यांनाच धरून बघतं. रोमानियात, बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास सुरू झालेला एक अभ्यास आहे. तिथल्या संस्थांमधली १३६ लहान मुलं घेतली, निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून त्यांना सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवलं, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, माणसांशी जुळणं सगळंच सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं जास्त. ज्यांना माणूसच टिकत नाही अशा मुलांसमोर आपण दर पंधरा दिवसांनी नवा माणूस आणून उभा करतो, त्याला लळा लावायला सांगतो आणि परत नेतो.

खडूफळाताई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण अनाथाश्रम ही जागा यादीतून आजच खोडा, एवढंच म्हणेन.

खडूफळा

खरं सांगू का, वाचून थोडं लागलं. घरी लेकीला वाचून दाखवलं तर ती उठून खोलीत गेली. आम्ही काही मिरवायला निघालो नव्हतो. मग माणसाने मदत करायचीच नाही का? नुसती चूक काढणं फार सोपं असतं.

पिंपळपान

खडूफळाताईंशी सहमत. इथे सगळे अभ्यासक जमलेत. अहो, दोन आठवडे प्रेम मिळालं तर पोराचं काय बिघडलं? उपाशी माणसाला एक वेळचं जेवण दिलं तर उद्याचं काय म्हणून ताट ओढून घेता का? माझी मावसबहीण आफ्रिकेत गेली होती, एक महिना. चांगली संस्था होती, मुलं आनंदात होती, कुणी तस्करी वगैरे करत नव्हतं. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

निळीशाई

पिंपळपान, ताटाचं उदाहरण चांगलं आहे, पण इथे जेवण वाढणाराच दर पंधरवड्याला निघून जातो आणि मूल समजतं की आपण काहीतरी चुकलो म्हणून गेला. तुमच्या बहिणीची संस्था चांगली असेलही. तिथे मुलांची रोजची काळजी कोण घेत होतं, पगारी कायमची माणसं की तुमच्या बहिणीसारखे पाहुणे? तेवढं विचारून सांगाल?

पिंपळपान

विचारलं. म्हणाली, कायमच्या दोन बायका होत्या, मुलं चाळीस. बाकी सगळे येणारे-जाणारे. आणि तिला पहिल्याच दिवशी सहा बाळांच्या खोलीत एकटीला सोडलं होतं, हे तिने आत्ता पहिल्यांदा सांगितलं. मी गप्प बसतो.

उंटावरचा_शहाणा

गप्प बसू नका हो, या धाग्यावर स्वतःहून चौकशी करून आलेले तुम्ही पहिलेच.

तळटीप

कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. सगळ्यांच्या कामाची आहे.

स्वयंसेवा म्हणजे पगार नाही, म्हणून पर्यटक व्हिसावर चालते, हा समज डोक्यातून काढा. नेपाळच्या पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. थायलंडमध्ये स्वयंसेवकालाही कामाचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये साध्या भेटीच्या व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस चालतं, त्यापुढे वेगळा व्हिसा. ‘पर्यटक म्हणून या, विमानतळावर आमचं नाव सांगू नका’ असं जी संस्था सांगते तिचा विषय तिथेच संपवा. पकडले गेलात तर ती फोन उचलणार नाही.

बाकी जग या बाबतीत बरंच पुढे गेलंय. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९८९ ची. तिच्या नवव्या कलमातच आहे की मुलाच्या हितासाठी गरज नसेल तर त्याला आईवडिलांपासून तोडू नये. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या तस्करीला वेगळं प्रकरण दिलं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावात अनाथाश्रमांतल्या पर्यटन-स्वयंसेवेचा धोका नाव घेऊन नोंदवला. रवांडाने तर २०१२ पासून अनाथाश्रम बंद करून मुलं कुटुंबांत पाठवायचं धोरणच घेतलं.

हैतीचं उदाहरण विसरू नये. २०१० च्या भूकंपानंतर काही परदेशी मंडळी ३३ ‘अनाथ’ मुलं सीमेपलीकडे नेताना पकडली गेली. बहुतेकांचे आईबाप जिवंत निघाले. ती मंडळीही मदतच करायला आली होती.

अवांतर : लसींकडे दुर्लक्ष नको. आफ्रिकेतल्या काही देशांत पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला नसेल तर विमानतळावरच अडवतात. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी तो दाखला लागू होतो, आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतो. मुलांसोबत काम करणार असाल तर स्वतःची क्षयरोगाची तपासणीही करून घ्या, ती त्यांच्यासाठी.

ओलीमाती

मी फिजिओथेरपिस्ट. तीनदा जाऊन आले, चांगला अनुभव आहे, म्हणून खडूफळाताईंसाठी मुद्दाम लिहितेय.

पहिल्यांदा मीही चूक केली होती. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलांचं एक केंद्र होतं, मी रोज आठ तास मुलांना व्यायाम दिले. महिन्याने आले. सहा महिन्यांनी कळलं की माझ्यानंतर कुणी काहीच केलं नाही, कारण कुणाला येतच नव्हतं. दुसऱ्या वेळी मी मुलांना हातही लावला नाही. तिथल्या चार कर्मचारी बायका आणि मुलांच्या आया यांना शिकवलं. बाळाला पाजताना मान कशी धरायची, उशीच्या जागी गुंडाळलेली चादर कुठे ठेवायची, खुर्चीला पाय टेकायला फळी कशी ठोकायची. एक आई पहिले चार दिवस माझ्याकडे नुसती रागाने बघायची. पाचव्या दिवशी तिने माझा हात बाजूला सारला आणि स्वतः मुलाची मान धरली. त्या दोन आठवड्यांत माझा एकही फोटो नाही. तिसऱ्या वेळी त्यांनीच बोलावलं, कारण त्यांना पुढचं शिकायचं होतं.

तेव्हा माझा नियम एकच : घरी परत येऊन जे काम मी पोटापाण्यासाठी करते तेच तिथे करायचं, आणि मुलांऐवजी मोठ्यांसोबत. सुतार असाल तर सुतारकाम. हिशोब येत असेल तर त्यांच्या वह्या लावून द्या.

ज्यांना असं काही कौशल्य नाही पण जायचंय, त्यांच्यासाठी श्रमशिबिरं आहेत. दोन-तीन आठवडे, निरनिराळ्या देशांतली माणसं, कुंपण घालणं, रंगकाम, वाचनालय लावणं. ही कल्पना १९२० ची, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये व्हर्दंजवळ बेचिराख झालेलं गाव बांधायला पिअर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाने काही लोक गोळा केले, त्यात जर्मनही होते. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही अशी शिबिरं भरवणारी संस्था उभी राहिली. हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन घरं बांधत होते, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही! बहुतेक शिबिरांना वय अठरा पूर्ण लागतं, ताई.

सहज_आपलं

पण संस्था ओळखायची कशी, हा ताईंचा मूळ प्रश्न राहिलाच की.

निळीशाई

पैसे भरायच्या आधी एक मेल टाका. माझं पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र कधी लागेल, मी मुलांसोबत एकटी असेन का, फोटोबाबत तुमचा नियम काय, माझ्याआधी हे काम कोण करत होतं आणि माझ्यानंतर कोण करणार. उत्तरं येऊ देत. चांगल्या संस्था उलट तुमचीच उलटतपासणी घेतात, कधी कधी नको इतकी. आणि त्या सरळ नाही म्हणतात. नाही म्हणता येणं ही फार मोठी खूण आहे.

खडूफळा

आठवडाभर आले नाही, कारण हेच करत होते. जाहिरातीतल्या तीन ठिकाणी निळीशाईंचे प्रश्न जसेच्या तसे पाठवले.

पहिल्यांनी अकरा मिनिटांत उत्तर दिलं : पडताळणीची गरज नाही, आमचा तुमच्यावर विश्वास आहे. फोटो हवे तेवढे काढा, मुलांना आवडतं. मुलगी सतराची असली तरी चालेल, तिला बाळांच्या विभागात ठेवू. आज नोंदणी केली तर सवलत. दुसऱ्यांनी प्रश्न सोडून नुसता पैसे भरायचा दुवा पाठवला. तिसऱ्यांनी लिहिलं की आम्ही अनाथाश्रमातलं काम आता बंद केलंय, पण शाळेत इंग्रजी शिकवू शकता. मी म्हटलं, मला इंग्रजी यथातथाच येतं, माझा विषय गणित. तर म्हणाले, काही हरकत नाही, मुलांना फरक कळत नाही.

मुलांना फरक कळत नाही! वीस वर्षं वर्गात उभी आहे मी. पोरांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं की बाईंना येतंय की नाही. माझ्या शाळेत उद्या एखादा पर्यटक आला आणि म्हणाला, दोन आठवडे तुमचा सातवीचा वर्ग मला द्या, तर मी त्याला फाटकापाशी तरी उभा करेन का? हे इतकं साधं गणित मला आधी सुचलं नाही, याची लाज वाटते. मागच्या प्रतिसादातल्या रागाबद्दल क्षमस्व.

घोंगडी

क्षमा कसली. मला सुचायला वही हातात यावी लागली.

खडूफळा

(आईच्या खात्यावरून तिची मुलगी लिहितेय.) नमस्कार. आई झोपलीये. मला एक सांगायचं होतं. मी त्या दिवशी उठून गेले कारण मला खरंच तसा फोटो हवा होता, माझ्याभोवती मुलं आणि मध्ये मी. कुणालाच बोलले नव्हते. मैत्रिणीच्या खात्यावर तसा आहे, त्याखाली खूप छान छान लिहिलंय लोकांनी. मग मी विचार केला की मी अकरा वर्षांची असताना हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा कुणी अनोळखी माणसाने येऊन माझा तसा फोटो लावला असता तर. बस, एवढंच. अठरा पूर्ण झाल्यावर श्रमशिबिराला जाईन. ओलीमातीताई, रंगकाम मला खरंच येतं, घरातल्या दोन भिंती मी रंगवल्यात.

ओलीमाती

अगं, एवढं स्पष्ट लिहायला धीर लागतो. कंबोडियात २०११ साली एक मोहीम निघाली होती, ‘मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत’ अशी. तिच्या भित्तिपत्रकात संग्रहालयातल्यासारख्या काचेच्या पेटीत मुलं आणि बाहेर फोटो काढणारे पर्यटक होते. तुला ते न बघताच कळलं. भिंतींचे फोटो मात्र पाठव, तिथे कुणी नको म्हणणार नाही.

उंटावरचा_शहाणा

माझ्या घरात चार भिंती रंगवायच्या राहिल्यात, वंचित म्हणून अर्ज करू का?

खडूफळा

महिन्याने धागा वर काढतेय. ओलीमातींनी ओळख करून दिल्यामुळे नेपाळमधल्या एका डोंगराळ भागातल्या दोन गणित शिक्षकांशी बोलणं सुरू झालंय, आठवड्यातून एकदा, व्हिडिओ कॉलवर. मी या सुट्टीत कुठेही जात नाही. त्यांनी सांगितलं की सहावीच्या मुलांचं घोडं अपूर्णांकांच्या बेरजेवर अडतं, तर मी कागदाच्या पट्ट्या दुमडून शिकवते ते त्यांना दाखवलं. पुढे त्यांना वाटलं आणि त्यांनी बोलावलं, तर योग्य व्हिसा काढून जाईन, नाही तर असंच चालू ठेवू.

पहिल्या दिवशीच फजिती झाली. लिपी एकच, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात मराठीतच कार्डं बनवून पाठवली. त्यांना अंश कळला, छेद कळेना. त्यांच्याकडे छेदाला ‘हर’ म्हणतात आणि अपूर्णांकाला ‘भिन्न’. मी मात्र चर्चेत सारखी ‘भिन्न छेद, भिन्न छेद’ करत होते आणि ते बिचारे म्हणत होते, कुठलं भिन्न? दोन आठवड्यांसाठी गेले असते तर हे कळेपर्यंत परतीचं विमान आलं असतं.

आता पुढच्या बुधवारी लसावि घ्यायचाय. कुणाला नेपाळी येत असेल तर सांगा, त्याला तिकडे काय म्हणतात? तोंडघशी पडायच्या आधी विचारून घेते.

तळटीप

‘लघुत्तम समापवर्त्य’. वर्गात नुसतं ‘ल.स.’ म्हणतात. पण कार्डं छापायच्या आधी त्या दोघांना दाखवा.